बाटल्यांचं तेल

मिरजेकडचा एक चप्पल कारखानदार एकदा आमच्या ऑफिसात आला होता. टेबलावर काचेच्या बरणीत आमचं नवं तेल ठेवलेलं होतं, पाण्यासारखं नितळ. त्यानं बरणी उजेडात धरली, हलवली, झाकण काढून वास घेतला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं मला विचारलं, "मॅडम, हे थंड पेयाच्या बाटल्यांपासनं केलंय म्हणताय. मग चप्पल पावसात भिजली तर फेस तर येणार न्हाई न्हवं?"

मी हसले नाही. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळलेली असते, की वेडगळ वाटणाऱ्या प्रश्नाच्या तळाशी माणसाची खरी भीती असते. सोलला काही झालं तर गिऱ्हाईक त्याच्या दारात उभं राहणार होतं, माझ्या नाही. मी म्हटलं, "बाटलीत जे काही होतं ते आम्ही धुऊन टाकतो. आम्हाला हवी असते ती नुसती बाटली."

त्यानं झाकण परत लावलं. "म्हंजे लोक आतलं पितात आनि तुमी भायेरचं."

आमच्या धंद्याचं याहून नेमकं वर्णन मला अजून कुणी ऐकवलेलं नाही.

हे बाहेरचं पिणं म्हणजे काय, ते आधी सांगते. घराच्या भिंतीतून जाणारा कडक करडा नळ आणि अंगणातल्या झाडांना पाणी घालायचा मऊ हिरवा पाइप, हे दोन्ही एकाच प्लॅस्टिकचे असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. त्या प्लॅस्टिकची मूळ भुकटी कडक स्वभावाची. तिच्यात एक विशिष्ट तेल मुरवलं की ती मऊ होते. पुरणपोळीची कणीक आपण तेलात तिंबतो, म्हणजे ती पातळ लाटली तरी फाटत नाही, तसंच. चपलेचा सोल, वायरीवरचं वेष्टण, रेनकोट, सोफ्याचं रेक्झिन, विहिरीवरच्या मोटरीचा पाइप, सगळीकडे हे तेल मुरलेलं असतं आणि कुणाला दिसत नाही. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा छोटा कारखाना हे न दिसणारं तेल करायचा. मी तिथली केमिस्ट. माहेर वाईचं, सासर सांगलीचं, आणि दिवसाचे जागे तास प्रयोगशाळेचे.

आम्ही जे जुनं तेल करायचो, ते नंतर बदनाम झालं. लहान मुलांची खेळणी, दवाखान्यातल्या नळ्या यांत ते नको, असं जगभर बोललं जाऊ लागलं. एकेक गिऱ्हाईक फोन करून विचारायचं, "मॅडम, दुसरं काय हाय का तुमच्याकडं?" दुसरं होतं, पण ते मोठमोठ्या कंपन्या करायच्या आणि त्याचा कच्चा माल आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नव्हता. आमचे मालक, ज्यांना सगळा कारखाना काका म्हणतो, ते सत्तरीचे इंजिनिअर. फार बोलत नाहीत. एका दिवाळीनंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "विद्या, गुढीपाडव्यापर्यंत बघू या. जमलं तर जमलं. नाही तर रिॲक्टर भंगारात घालतो आणि गेटला कुलूप लावतो." कारखान्यात आम्ही बेचाळीस माणसं होतो.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तशीच थांबले. पाणी गिळायचं राहिलं. त्या नव्या तेलाचा जो कच्चा माल आम्हाला परवडत नव्हता, तो माझ्या हातात होता. बाटलीचं प्लॅस्टिक त्याचंच तर बनलेलं असतं.

हे कुणी आधी केलं नव्हतं असं नाही. शास्त्रीय नियतकालिकांत त्याबद्दल वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि आपल्या हातातली बाटली वेगळी. मी कात्री घेतली, ती बाटली नखाएवढ्या तुकड्यांत कापली आणि काचेच्या चंबूत टाकली. वरून एक अल्कोहोल ओतलं. प्यायचं नव्हे. त्याचा वास असा, की नुसता हुंगला तरी दिवसभर डोकं जड. त्यात चिमूटभर उत्प्रेरक घातला, ज्याला आम्ही लॅबमध्ये विरजण म्हणतो, आणि खाली आच लावली.

पहिला तासभर काही झालं नाही. तुकडे तळणीतल्या शंकरपाळ्यांसारखे खालीवर होत राहिले. मग त्यांच्या कडा गोल व्हायला लागल्या. मग ते पांढरट झाले, एकमेकांना चिकटले, त्यांचा लगदा झाला. मला वाटलं, संपलं, जळलं. दुसरं काम घेऊन बसले. अर्ध्या तासानं मान वर केली तर चंबूत काहीच नव्हतं. म्हणजे द्रव होता, पण बाटली नव्हती. मी चंबू फिरवला, खालून बघितला, चष्मा पुसून बघितला. एकही तुकडा नाही. पंचेचाळीस ओलांडलेली बाई लोखंडी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत काकांच्या केबिनकडे पळतेय, हे दृश्य आमच्या लोकांनी पुढे बरेच दिवस एकमेकांना करून दाखवलं.

काकांना मी जसं सांगितलं तसंच इथे सांगते. बाटली म्हणजे एक लांबच लांब माळ. दोन प्रकारचे मणी, एकाआड एक ओवलेले. आम्ही ती माळ उसवतो. एक मणी सुटा होऊन द्रवरूपानं बाजूला ठिबकतो. दुसऱ्या मण्याच्या दोन्ही टोकांना अल्कोहोल येऊन बसतं, आणि झालं तेल. पेटवायचं नाही, पुरायचं नाही, फक्त उसवायचं.

काकांनी चंबू हातात धरला. "रिॲक्टरच्या हंड्यात होईल?"

"होईल."

"मग बाटल्या आण."

बाटल्या आणायच्या म्हणजे पोती आणायची. उंब्रजच्या हायवेवरच्या हॉटेलांपासून कवठे महांकाळच्या मंगल कार्यालयांपर्यंत सगळीकडून पोती यायला लागली आणि माणसं काय काय बाटलीत घालतात ते आम्हाला कळलं. रॉकेल, तूप, मुंग्या लागलेला मध, फरशी पुसायचं औषध. एका बाटलीवर पट्टी चिकटवलेली, सुंदर अक्षरात, 'बापूंसाठी, सकाळी दोन चमचे'. त्या बापूंचं पुढे काय झालं याची निवडणाऱ्या बायकांनी दोन दिवस चर्चा केली. वजन वाढावं म्हणून काही जण पोत्यात दगडही घालत. तेही आम्ही जमवत गेलो, शेवटी त्यांचा शेडपुढे कट्टा झाला.

निवडणाऱ्या चौघी होत्या, त्यांतलीच मुकादम हौसाक्का. मूळची आटपाडीकडची, पन्नाशीची, काटक बाई. आमच्याकडे येण्याआधी ती मिरजेत स्टेशनच्या आजूबाजूला बाटल्या वेचायची. पहिल्याच दिवशी मी तिला शिकवायला गेले. सगळ्या बाटल्या दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांत एक जात आमची वैरीण. ती हंड्यात गेली तर तापल्यावर आम्ल सोडते आणि पोलादाच्या भिंती खाऊन टाकते. ती ओळखायची माझी रीत म्हणजे तांब्याची तार. तार लाल तापवायची, प्लॅस्टिकला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की समजायचं, वैरीण.

हौसाक्कानं सगळं नीट बघितलं. "मॅडम, ह्याला किती येळ लागतो?"

"एका तुकड्याला अर्धा मिनिट."

"आनि माज्याकडं दिसाला पोती किती?"

मी तार खाली ठेवली. तिनं ढिगातली एक बाटली उचलून उलटी केली. "बुडाला मधोमध टिंब हाय, बघा. ही आपली. आनि ही दुसरी, हिच्या बुडाला आडवी रेघ हाय. ही परकी. तरीबी मन खात असलं तर घडी घालायची. घडीवर पांढरी पडली, की दे फेकून."

मी पन्नास बाटल्या घेतल्या. तिनं आधी सांगायचं आणि मग मी तार लावायची. पन्नासच्या पन्नास बरोबर आल्या. तिला आनंद झालेला दिसला नाही. तिला त्यात विशेष काही वाटलंच नसावं. मी मात्र घरी जाऊन नवऱ्याला जेवता जेवता बाटलीचं बूड दाखवत बसले.

आता हंड्याची पहिली पाळी, म्हणजे तेलाचा पहिला घाणा. रिॲक्टर म्हणजे दोन मजले उंचीचा पोलादी हंडा, आणि तो चालवणारे मारुतीभाऊ. कवठे महांकाळचे. आकड्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवणारे. हंड्याच्या बाजूला एक काचेचं भांडं असतं, त्यात तो सुटा झालेला मणी थेंबाथेंबानं जमा होतो. थेंब पडायचा थांबला, की माळ पूर्ण उसवली असं समजायचं.

पहिलं गिऱ्हाईकही ठरलं होतं. जिनगोंडाअण्णा, सांगलीजवळच पाइपचा कारखाना असलेले जैन गृहस्थ. अंगणातले, शेतातले मऊ पाइप करायचे. इतर सगळ्यांनी 'आधी दुसऱ्याला देऊन बघा' म्हटलं होतं. अण्णा तेवढे म्हणाले, "द्या की. कुणीतरी आधी बघायलाच पायजे." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा टेंपो येणार होता. त्याआधी जादाचं अल्कोहोल उडवायचं, तेल धुवायचं, गाळायचं, सगळं बाकी होतं. काका हंड्याभोवती फेऱ्या घालत होते. मी नमुना काढला. काचेसारखा स्वच्छ. म्हटलं, "बास. उतरवा."

मारुतीभाऊ काचेच्या भांड्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, अजून थेंब पडतोय. दोन तास द्या."

"नमुना स्वच्छ आहे, मारुतीभाऊ. उतरवा."

त्यांनी उतरवलं. मी कागदावर सही केली.

अण्णांच्या मशीनमधून त्या तेलाचा पहिला हिरवा पाइप बाहेर पडला तेव्हा मी तिथे होते. गरम, मऊ, चकचकीत पाइप पाण्याच्या हौदातून सरपटत येत होता आणि वेटोळी होऊन पडत होता. अण्णांनी एक तुकडा कापून त्याची गाठ मारली, ती सोडली, पाइपवर वळ उरला नाही. कारखान्यात परतल्यावर काकांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

तीनेक आठवड्यांनी अण्णांचा फोन आला. थंडी कडाक्याची पडली होती. "मॅडम, जरा येऊन जावा. तुमच्या पाइपला पीठ लागलंय."

मी गेले. गोदामात हिरव्या पाइपांची वेटोळी रचलेली होती आणि प्रत्येकावर पांढरा थर. बोट ओढलं की रेघ उमटत होती. आटपाडीच्या डाळिंबवाल्यांना गेलेला माल अण्णांनी स्वतः फिरून परत गोळा केला होता. ते म्हणाले, "गिऱ्हाईक ईचारतंय, बुरशी आली का काय. मी काय सांगू, तेवढं तुमी मला सांगा." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बैठक झाली. काकांनी विचारलं, "कुठं चुकलं?"

मला आजही ते वाक्य माझ्या तोंडून निघताना ऐकू येतं. मी म्हटलं, "निवडणीत घाण आली असणार." माझ्याकडे पुरावाही होता. एका पोत्याच्या तळाशी मला लेबलाची एक पट्टी सापडली होती, त्या वैरिणीच्या जातीची दिसणारी. ती मी टेबलावर ठेवली.

हौसाक्काला आत बोलावलं. ती दारातच उभी राहिली. "माज्या हातनं हंड्यात गेलेलं न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमी तार लावून बघितलासा का?"

मी तार लावली नव्हती. तसं म्हटलंही नाही. काकांनी ठरवलं, की तूर्त निवडणी बंद, बाहेरून धुतलेला तयार चुरा आणू. चौघींनी आपापले डबे उचलले आणि त्या गेटबाहेर गेल्या. मारुतीभाऊ खिडकीपाशी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग बाहेर बघितलं.

हौसाक्काचा प्रश्न मात्र रोज माझ्याबरोबर घरी आला. चौथ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये पोचल्यावर मी आधी राखून ठेवलेला बाटल्यांचा चुरा काढला. प्रत्येक पाळीतला थोडा चुरा आम्ही जपून ठेवतो. तार लावली. हिरवी नाही. दुसरा तुकडा, नाही. चाळीस तुकडे तपासले, एकदाही ज्योत हिरवी झाली नाही. मग ते पीठ कशाचं?

अण्णांकडून आणलेल्या पाइपवरचं पीठ मी मऊ ब्रशनं झटकून परीक्षानळीत घेतलं. चमचाभरसुद्धा नव्हतं. काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यावर थोडं अल्कोहोल घातलं, विरजण घातलं आणि तापवायला ठेवलं. पाऊण तासात पीठ नाहीसं झालं. नळीत स्वच्छ तेल. मी ती नळी बर्फात ठेवली. तरी स्वच्छ.

मी नळी उजेडात धरून एकटीच हसले.  ज्यांनी कधी असं काही शोधलं असेल त्यांना ठाऊक असेल, त्या क्षणी आपण कुठल्या संकटात आहोत हेही आठवत नाही. पीठ म्हणजे घाण नव्हतीच. ती आमचीच बाटली होती, अर्धवट उसवलेली. दोन-चार मण्यांचे तुकडे तसेच राहिले होते. गरम हंड्यात ते विरघळून लपले, म्हणून नमुना स्वच्छ दिसला. आटपाडीच्या थंडीत ते पाइपमधून बाहेर आले. खात्री करायला पहिल्या पाळीच्या तेलाची राखीव बाटली काढून फ्रीजमध्ये ठेवली. जेवून येईपर्यंत ती ताकासारखी झाली होती.

आणि त्या बाटलीवरच्या चिठ्ठीवर माझी सही होती. तेव्हा आनंद उतरला. मी स्टुलावर बसले. दोन तास मागितले होते मारुतीभाऊंनी.

ती बाटली घेऊन मी काकांकडे गेले आणि सगळं सांगितलं, थेंबासकट. त्यांनी बाटली हलवून उजेडात धरली. "पाइप सुधारेल?" त्यांनी विचारलं.

"सुधारेल. पाळी पूर्ण होऊ द्यायची आणि तेल थंडीत तपासायचं."

"आणि त्या बायका?"

"मी जाते."

मारुतीभाऊ मोटारसायकलवरून मला घेऊन गेले. वाटेत मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा बैठकीत बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "आवं मॅडम, सही तुमची हुती." 

हौसाक्का घरी नव्हती. ती मिरजेच्या स्टेशन रोडला सापडली. पाठीला पोतं, हातात लोखंडी आकडी. आठवड्याच्या आत ती परत तिथेच पोचली होती. मी समोर जाऊन उभी राहिले तर म्हणाली, "बाजूला व्हा, रस्त्याची ही कड संपवून घेऊ द्या. बोलायचं तर चालत बोला."

मी तिच्याबरोबर चालत राहिले. एक बाटली माझ्या पायाशी आली ती उचलली, बूड बघितलं, टिंब होतं, तिच्या पोत्यात टाकली. चालता चालता सांगितलं, की चूक माझी होती, तुमच्या पोत्यातून काही गेलं नव्हतं, मी घाई केली.

तिनं ऐकून घेतलं. गटाराच्या कडेची बाटली आकडीनं ओढली. मग म्हणाली, "चूक हुती माणसाची. म्या बी करते. पन मॅडम, मला तुमी बोलला ते समद्यांम्होरं. आनि आता हितं रस्त्यावर येकलीला सांगताय."

 मी म्हटलं, "उद्या सकाळी आठला या."

सकाळी आठ वाजता काकांनी सगळ्या बेचाळीस जणांना शेडमध्ये बोलावलं. निवडणाऱ्या चौघींपैकी तिघी आल्या होत्या. मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. हे तीन वाक्यांचं होतं. पहिली पाळी मी वेळेआधी उतरवायला लावली. मारुतीभाऊंनी थांबा म्हटलं होतं. हौसाक्कांचं निवडणं बिनचूक होतं आणि मी त्यांच्यावर न तपासता आळ घेतला. बोलून झाल्यावर हात कुठे ठेवावेत ते कळेना. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेही बरंच झालं. हौसाक्का पदर खोचून ढिगाकडे वळली आणि म्हणाली, "चला, लय पोती साचली असतील."

चौथी, शालन, परत आली नाही. ती त्या आठवड्यातच इचलकरंजीकडे कामाला निघून गेली होती. निरोप पाठवला, पत्ता शोधला, पण ती सापडली नाही. माझ्या त्या एका वाक्याचा तेवढा भाग अजून तसाच राहिलेला आहे.

दुसऱ्या पाळीला मी घड्याळ काढून ठेवलं आणि मारुतीभाऊंच्या शेजारी काचेच्या भांड्यापुढे बसले. थेंब मंदावला. मग आणखी मंदावला. दोन थेंबांच्या मधे आमचा चहा होऊन जायचा. सहा तास झाले, आठ झाले. मी दर वेळी त्यांच्याकडे बघायची आणि ते मान हलवायचे, नाही. शेवटी त्यांनी भांड्यावर टिचकी मारली, कान दिला, कशाला ते त्यांनाच ठाऊक, आणि म्हणाले, "आता घ्या नमुना." तो नमुना मी बर्फात ठेवला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. लॅबच्या फ्रीजचं दार त्या तीन दिवसांत जितकं उघडलं तितकं कधी उघडलं नसेल. झाडूवाल्या मावशीसुद्धा जाता-येता डोकावून विचारायच्या, "ताक झालं का वो?" झालं नाही. तेल शेवटपर्यंत नितळ राहिलं.

अण्णांकडे मी स्वतः गेले. पहिल्या खेपेला काय झालं, कोणामुळे झालं, काही लपवलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "पाइप काढतो. पन ह्या खेपेला माल विकणार न्हाई. आटपाडीला माज्या पाव्हण्याच्या बांधावर टाकून ठेवणार. उन्हात, थंडीत, मातीत. सा आठवडे. तुमी येऊन बोट फिरवायचं."

दर रविवारी मी एस.टी.नं आटपाडीला जायची. डाळिंबाच्या ओळीत हिरवा पाइप पडलेला असायचा. मी वाकून बोट फिरवायची आणि बोट बघायची. माती लागायची, दुसरं काही नाही. अण्णांचे पाहुणे पहिल्या रविवारी माझ्याकडे संशयानं बघत होते. चौथ्या रविवारी ते स्वतःच बांधावरून ओरडले, "मॅडम, मी सकाळीच फिरवलं बोट. काय न्हाई." सहाव्या रविवारी त्यांनी बागेतली टोपलीभर डाळिंबं दिली. मी ती परत येताना एस.टी.त वाटत आले. अनोळखी लोकांना डाळिंब देऊन 'पाइपला पीठ आलं नाही' असं सांगितल्यावर ते कसे बघतात, ते मला त्या दिवशी समजलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी काकांनी मला बोलावलं. मी उभी राहिले. ते म्हणाले, "रिॲक्टरला नवा रंग लावायला सांगितलंय. कुठला द्यायचा ते तू आणि मारुती ठरवा." एवढंच. मारुतीभाऊंनी निळा निवडला.

त्यानंतर अण्णांची मागणी नियमित झाली, मग चपलेवाले आले, मग वायरवाले. आमच्या लॅबच्या नियमांच्या तक्त्यावर 'बर्फात तीन दिवस' ही ओळ छापली गेली. दर सोमवारी आमची बैठक होते, तिला मारुतीभाऊ आणि हौसाक्का बसतात, आणि पाळी उतरवायच्या कागदावर आता दोन सह्या लागतात. एक केमिस्टची, एक हंडा चालवणाऱ्याची. मी निवृत्त झाले, माझ्या जागी आलेली मुलगी माझ्याहून हुशार आहे. तिला तो नियम जाचक वाटतो. मी तिला काही सांगितलं नाही, पहिल्या पाळीची ताकासारखी झालेली बाटली तेवढी तिच्या कपाटात ठेवून आले.

निवृत्तीच्या आधी एक काम मी करून घेतलं. हौसाक्का एवढी वर्षं बाटल्या निवडत होती, पण त्यांचं पुढे काय होतं ते तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. मी तिला अण्णांच्या कारखान्यात घेऊन गेले. अण्णांनी स्वतः दारात येऊन, "या आक्का, या," म्हणून आत नेलं. मशीन चालू होतं. हिरवा पाइप हौदातून बाहेर येत होता. तिनं त्याचं टोक हातात धरलं, वाकवलं, नाकाशी नेलं, पायाखाली दाबून बघितलं.

"ह्यात माजी बाटली कुटली?" तिनं मला विचारलं.

"सगळ्याच."

तिनं पाइपचं टोक पुन्हा एकदा फिरवून बघितलं. अण्णा आणि मी तिच्याकडे बघत होतो. आता ती काहीतरी कौतुकाचं बोलेल असं आम्हा दोघांनाही वाटत असावं.

"आनि ह्यो फाटला म्हंजे?" ती म्हणाली. "हा कुठं जानार? ह्याला बी उसवता येतंय का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.  फाटक्या पाइपचा चुरा करून चपलांचे सोल काही जण करतात, पण त्यातलं तेल आणि प्लॅस्टिक वेगळं काढायची स्वस्त रीत आमच्याकडे नव्हती. अजूनही नाही. मी म्हटलं, "हा दहा-पंधरा वर्षं टिकेल, आक्का. तोवर कुणीतरी शोधून काढेल. आपण दोघी तेव्हा कामावर नसू."

"आपुन नसलो तर काय झालं," पाइपचं टोक परत जागेवर ठेवत ती म्हणाली. "निवडणारी कुनीतरी असंलच की. शोधनाऱ्याला म्हनावं, तिला आदी ईचारा."